हिसकावलेला मास्क

जयवंत हिवाळे फायर ब्रिगेडमध्ये लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याचे वडील जालन्याकडून मुंबईत आले, वाकोल्यात पत्र्याच्या खोलीत राहिले आणि रस्त्याच्या कामावर मुकादम झाले. पोरगा वर्दीत दिसावा एवढीच त्यांची हौस होती. भरतीच्या दिवशी पन्नास किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन धावायचं होतं. जयवंत रेघ ओलांडल्यावरही थांबला नाही, शेवटी भरती घेणाऱ्या मास्तरांना ओरडून थांबवावं लागलं. ही गोष्ट त्याचे वडील मरेपर्यंत येईल त्याला सांगायचे.

नोकरीबरोबर उपनगरातल्या एका फायर स्टेशनच्या मागे क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, समोर गाड्यांचं आवार. शीतल लग्न होऊन तिथेच आली आणि मुलगी प्रियंका तिथेच वाढली. खाली घंटा वाजली की वरच्या घरांतून बायका गॅलरीत येत, गाडी बाहेर पडेपर्यंत उभ्या राहत आणि मग आत जात. चौदा एप्रिलला तर जयवंतची दरवर्षी ओढाताण व्हायची. सकाळी अग्निशमन दिनाची परेड, आणि त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. परेड संपली की बुटांनिशीच तो वाकोल्याला पळायचा आणि मिरवणुकीत मागून सामील व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आग लागली. वेळ सकाळी अकराची. पहिल्या मजल्यावर फोम आणि गोंदाचे डबे साठवलेला गाळा होता, दुसऱ्यावर कामगारांची खाणावळ. जयवंतची गाडी दुसरी पोचली. अनिरुद्ध मयेकर हा त्यांचा स्टेशन ऑफिसर. वयाने जयवंतपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, पण कामाला चोख. त्याने जोड्या पाडून माणसं आत पाठवली. अर्ध्या तासात नऊ जण बाहेर काढले. मग खाणावळवाला रडत पुढे आला आणि म्हणाला की म्हावरं घेऊन आलेली कोळीण अजून मोरीपाशी असेल, तिला कुणी बाहेर येताना पाहिलं नाही.

जयवंत जोडीदाराबरोबर पुन्हा वर गेला. जोडीदाराच्या सिलिंडरची शिट्टी वाजली, म्हणजे हवा संपत आली. जयवंतने त्याला मागे पाठवलं. नियमाने त्यानेही मागे फिरायला हवं होतं. पण तोवर त्याला मोरीच्या कट्ट्याखाली पाय दिसले होते.

बाई साठीची, अंगाने भरलेली. शुद्ध होती, पण नावापुरती. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि जिन्यापर्यंत आणलं. जिना धुराने ठासून भरलेला. तिथे त्याला जाणवलं की पाठीवर तिची धाप लागत होती ती थांबली. त्याने तिला खाली बसवलं, हेल्मेट काढलं, मास्कचे पट्टे एकेक करून सोडवले आणि मास्क तिच्या तोंडावर दाबून धरला. तिने एकदा श्वास घेतला, मग दुसरा. तो मास्क तसाच तिच्यावर बांधून त्याने तिला पुन्हा उचललं आणि दोन मजले उतरला.

बाहेर येऊन त्याने तिला स्ट्रेचरवर ठेवलं, फुटपाथवर बसला आणि पाणी मागितलं. अंगावर खरचटल्याचीही खूण नव्हती. अनिरुद्धने विचारलं तर म्हणाला, ठीक आहे साहेब. संध्याकाळी त्याला श्वास घेता येईना.

सव्वा महिना तो दवाखान्यात होता. गोंद जळून जो धूर निघाला त्याने फुप्फुसं आतून भाजली होती, आणि डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ती पुन्हा पहिल्यासारखी होणार नव्हती. घरी आल्यावर पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. आवारातून जिना चढून घरी येताना जयवंतला तीनदा थांबावं लागे. पोटमाळ्यावरची बॅग काढून देणं, गॅस सिलिंडर फिरवणं, असली कामं शीतल त्याच्या नजरेआड करायला शिकली. तो बघत असला की त्याचा चेहरा उतरायचा.

वर्षभर रजा पुरली. मग वैद्यकीय मंडळाने त्याला नोकरीला कायमचं अपात्र ठरवलं. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका होती ती पेन्शनची. साधं पेन्शन तर मिळणारच होतं, पण ते तुटपुंजं. अपंगत्व जर कर्तव्य बजावताना आलं असेल तर मात्र वेगळं पेन्शन होतं, औषधपाण्याचा खर्च होता आणि निवृत्तीच्या वयापर्यंत क्वार्टर राहत होतं. अनिरुद्धने अर्ज स्वतः लिहून दिला. शौर्यपदकासाठीही जयवंतचं नाव पाठवलं.

दोन महिन्यांनी कार्यालयातून उलट प्रश्न आला. आत जाताना जवानाने मास्क घातला होता असं नोंदीत आहे, मग धूर छातीत गेला कसा? सोबत, त्यास धूम्रपानाची सवय होती काय, अशीही विचारणा होती.

जयवंतने आयुष्यात विडी ओढली नव्हती. शीतल ते पत्र वाचून भडकली. ती म्हणाली की ज्या बाईला बाहेर आणलं तिलाच उभी करू, ती सांगेल आत काय झालं ते. जयवंत म्हणाला, "कशाला म्हातारीला त्रास? राहू दे ना." शीतलला वाटलं हा नेहमीसारखा भिडस्तपणा करतोय. खरं म्हणजे जयवंतला तेव्हाच नियम आठवला होता. आत गेलेल्या जवानाने आपला मास्क कुठल्याही परिस्थितीत काढायचा नाही, हे ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतात. पण एका माणसाचा जीव वाचला हे दिसल्यावर कुणी तो नियम काढून बसेल, असं त्याला वाटलं नाही. आणि शीतलशी हे बोलावं असंही वाटलं नाही.

शीतलने खाणावळवाल्याला गाठून पत्ता मिळवला आणि वेसाव्याच्या कोळीवाड्यात गेली. बाईचं नाव अंजनाबाई. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगा प्रज्योत बोटीवर. शीतलने आपण कोण ते सांगितलं तशी अंजनाबाईने हातातली टोपली टाकली आणि तिला कवटाळलं. दवाखान्यातून सुटल्यावर तिने त्या माणसाचा शोध घेतला होता, पण स्टेशनवर तिला धड कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याचं असं झालंय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्याच दिवशी ती वकिलाकडे आली आणि प्रतिज्ञापत्र करून दिलं. जे आठवत होतं ते सगळं सांगितलं. आपण पडलो होतो, हात उचलायची ताकद नव्हती, या भल्या माणसाने स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढून आपल्याला लावला, म्हणून आपण आज जिवंत आहोत. खाली तिने मोठ्या अक्षरात सही केली. मग शीतलबरोबर क्वार्टरवर आली, जयवंतच्या पायाशी बसली आणि बराच वेळ नुसती त्याच्या मशीनकडे बघत राहिली. त्यानंतर दर बुधवारी ती येऊ लागली. कधी बोंबील, कधी मांदेली. पैसे घ्यायची नाही. जयवंतशी तिची चांगली गट्टी जमली. ती आली की घरात मोठ्याने बोलणं व्हायचं आणि जयवंतला हसताना खोकला लागायचा.

प्रतिज्ञापत्रावर साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं. शीतलने ते उभ्यानेच वाचलं.

'सदर कर्मचाऱ्याने स्थायी आदेशाचा भंग करून स्वतःचे श्वसन उपकरण स्वेच्छेने काढल्याचे साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रावरून स्पष्ट होते. सबब, सदर अपंगत्व हे कर्तव्यामुळे नसून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे आलेले आहे.' अर्ज नामंजूर. नव्वद दिवसांत क्वार्टर रिकामं करावं. अपील करायचं तर साठ दिवसांत.

तिने ते दोनदा वाचलं आणि जयवंतच्या हातात दिलं. त्याने वाचलं, घडी घातली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि तेच शीतलला दिसलं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"नियम माहीत होता. असं करतील हे माहीत नव्हतं."

"मला का नाही सांगितलं? मी गेले तिला शोधत. मी आणलं तिला. माझ्या हातांनी कागद नेऊन दिला त्यांना."

शीतल कधी आवाज चढवणारी बाई नव्हती. तेव्हाही तिने चढवला नाही. फक्त म्हणाली, "तिला तुमचा श्वास दिलात. दिलात ते दिलात. पण त्यातला थोडा आमचाही होता."

मग ती आवारात जाऊन बसली. वर येऊन तिने स्वयंपाक केला, पण त्या आठवड्यात बुधवारी अंजनाबाई आली तेव्हा शीतल आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

प्रियंका तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि फायर ब्रिगेडच्याच भरतीची तयारी करत होती. बापाच्या आजारानंतर तरी ती हे खूळ सोडेल असं शीतलला वाटलं होतं. ती सोडत नव्हती. पत्र वाचून ती एवढंच म्हणाली की मी साहेबांना फोन करते.

अनिरुद्ध दुसऱ्या दिवशी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा घेतला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते त्याच्या बसण्यात दिसत होतं. त्याने सांगितलं की पदकाचं नाव वरून परत आलंय. ज्याने आदेश मोडला त्याला पदक देता येत नाही. अपीलात काय म्हणायचं याबद्दल त्याने कार्यालयातल्या दोघातिघांशी बोलून घेतलं होतं. तो शब्द जुळवत बोलला. घाबरलेला माणूस बुडताना गळ्याला मिठी मारतो, तसं आगीतही होतं. वाचवायला आलेल्याचा मास्क ओढतो. तसं झालं असेल तर जवानाचा दोष नाही, तो अपघात. अपघात म्हणजे कर्तव्यावरचं अपंगत्व. त्या बाईने नवं प्रतिज्ञापत्र केलं, आणि अपीलात जयवंतनेही तसंच लिहिलं, तर समिती नाही म्हणणार नाही.

"तिने ओढला म्हणायचं?" जयवंतने विचारलं.

"भीतीपोटी. गुन्हा नाहीये तो, भाऊ. तिला काहीही होणार नाही. मी विचारून घेतलंय."

"साहेब, तिला हात उचलता येत नव्हता. पाच पट्टे असतात मास्कला. तुम्हाला माहितीये, मला माहितीये. हेल्मेटसकट कोण ओढतं?"

"समितीलाही माहितीये," अनिरुद्ध म्हणाला. "त्यांना कागद हवाय, जयवंतभाऊ. खरं काय ते कुणी विचारत नाहीये."

जयवंतने मान हलवली. आपण इतक्या वर्षांत आगीतून पुष्कळ माणसं काढली, त्यांतली कितीतरी ओळखही न ठेवता निघून गेली, एकीनेच दारात येऊन विचारपूस केली आणि तिच्याच नावावर हे घालायचं, हे होणार नाही, असं तो म्हणाला. एवढं बोलताना त्याला दोनदा थांबावं लागलं. अनिरुद्ध उठला. दारात त्याने एकदा शीतलकडे पाहिलं.

शीतलने तीन दिवस जाऊ दिले. चौथ्या दिवशी बाजारात जाते म्हणाली आणि वेसाव्याला गेली.

कोळीवाड्यात बांबूंवर बोंबील वाळत टाकले होते. अंजनाबाई ते उलटत होती. शीतलने ठरवलं होतं की आधी इकडचं तिकडचं बोलायचं, पण तिला जमलं नाही. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पत्र, क्वार्टर, साहेबांनी सुचवलेली वाट. नवरा नाही म्हणतो हेही सांगितलं. मग म्हणाली की मावशी, मला तुमच्याकडे हे मागायला लाज वाटते.

अंजनाबाईने हात पदराला पुसले. ती विचारात पडली असं काही झालं नाही.

"म्हणजे माझ्या त्या कागदानं वाट लावली," ती म्हणाली.

"तुम्ही खरं तेच लिहिलं होतंत."

"खऱ्याचं काय लोणचं घालाचंय? मी ओढला म्हणून लिवा. मना काय होतंय?"

शीतल तिथे रडली नाही. परत येताना बसमध्ये तिला रडू आलं, आणि ते कशाचं ते तिला सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी तिने दोन कागद जयवंतसमोर ठेवले. एक अंजनाबाईचं नवं प्रतिज्ञापत्र, सही झालेलं. दुसरा त्याच्या अपीलाचा अर्ज. त्यात लिहिलं होतं की बचावकार्य चालू असताना पीडित महिलेने घाबरून माझ्या चेहऱ्यावरील मास्क हिसकावून घेतला. जयवंतने दोन्ही वाचले.

"तिला वाचून दाखवलं होतंस का हे?"

"तिने स्वतः वाचलं. सातवी शिकलीये ती."

"काय म्हणाली?"

"हिसकावला हा शब्द तिनेच घालायला लावला. वकिलाने नुसतं काढला लिहिलं होतं."

जयवंत खूप वेळ अर्ज मांडीवर ठेवून बसला. शीतल समोरून हलली नाही. तिने क्वार्टरबद्दल काही म्हटलं नाही, मशीनबद्दल नाही, की प्रियंकाच्या लग्नाबद्दलही नाही. ती फक्त उभी होती, आणि तिच्या पायाला सूज आलेली त्याला दिसत होती. गेलं वर्षभर ती दोन घरचे डबे करत होती. त्याने पेन मागितला. सही केल्यावर त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. छाती तेवढीच जड होती.

अपीलाची सुनावणी नोव्हेंबरात झाली. लांबट खोली, एका बाजूला समितीचे तिघं. मध्ये एक अधिकारी बाई, एक डॉक्टर आणि निवृत्तीला आलेले एक जुने फायर ऑफिसर. जयवंत छोटं सिलिंडर घेऊन खुर्चीवर बसला होता. शीतल मागे. अनिरुद्धही हजर होता. अंजनाबाई नऊवारी, अंबाड्यात वेणी, अशी लग्नाला निघाल्यासारखी आली होती.

अधिकारी बाईंनी तिला विचारलं की आधी तुम्ही वेगळं लिहून दिलं होतं, ते का.

"लाज वाटली म्हणून," अंजनाबाई म्हणाली. "आपल्यापायी कुणाचं असं झालं, हे कुठच्या तोंडानं सांगाचं? म्हणून तवा खोटं बोलली."

जुन्या ऑफिसरांनी चष्मा काढला आणि जयवंतकडे पाहिलं. मग अनिरुद्धला विचारलं, "पट्टे कसे सुटले?"

"धुरात वावरताना सैल झाले असावेत, सर," अनिरुद्ध म्हणाला.

ऑफिसरांनी चष्मा पुन्हा घातला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. जयवंतला कळलं की यांनी उभी हयात मास्क बांधण्यात घालवली आहे आणि यांना सगळं समजलंय. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर जयवंतने खरं सांगून टाकलं असतं. निदान नंतर तो स्वतःला तसं सांगत असे.

अधिकारी बाईंना मात्र ते खरं वाटलं असावं. किंवा टिपणात तसं काही यायला हवं होतं. त्या अंजनाबाईला म्हणाल्या, "बाई, तुमच्या त्या एका क्षणाने एका जवानाचं आयुष्य गेलं. दोन पोटं त्याच्यावर आहेत. याची जाणीव आहे का तुम्हाला?"

"हाय," अंजनाबाई म्हणाली.

मग ती उठली. कुणी सांगितलं नव्हतं. ती जयवंतच्या खुर्चीपाशी आली, दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊ, चुकी झाली माझी. माफ करा."

ती हे इतकं मनापासून म्हणाली की खोलीत कुणी हललं नाही. जयवंतने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं की तिने आणलं होतं, त्याला कळेना. त्याने काहीतरी बोलणं भाग होतं. समिती वाट बघत होती. माफ केलं म्हणावं, तर जी चूक तिने केलीच नाही ती माफ करायची. गप्प राहावं, तर सगळं फिसकटायचं. त्याने मान हलवली. होय की नाही ते कुणालाही लावून घेता येईल अशी. टिपणात त्याची 'संमती' म्हणून नोंद झाली.

बाहेर आल्यावर शीतलने डोळे पुसत अंजनाबाईसाठी रिक्षा थांबवली. अंजनाबाई बसताना म्हणाली की झालं ना काम, मग आता कशाला रडताय. तिने जयवंतच्या गालावरून हात फिरवला. त्याने तो हात दोन्ही हातांत धरला, आणि रिक्षा गेली.

जानेवारीत आदेश आला. अपंगत्वाचं पेन्शन मंजूर, क्वार्टर कायम. आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात अंजनाबाईचं पूर्ण नाव, वय, पत्ता आणि तिने मास्क हिसकावल्याचा उल्लेख होता. पदकाचा विषय तिथेच मिटला. ज्याच्या तोंडावरून बाईमाणसाने मास्क ओढून नेला, त्याने शौर्य कसलं केलं? शीतलने तो आदेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. शेजारणीने पेढे मागितले तेव्हा ती हसली आणि पेढे आणले.

अंजनाबाई त्यानंतर दोन बुधवारी आली. पूर्वीसारखीच मोठ्याने बोलली, म्हावरं ठेवलं. पण जयवंतला तिच्याशी बोलता येईना. तिच्या समोर बसला की त्याला ती खोली आठवायची, ते जोडलेले हात आठवायचे. त्याने एकदा म्हणून पाहिलं, "मावशी, मी नको म्हणत होतो." ती म्हणाली, "माहीत हाय. सोडा ना तो विषय." विषय सुटला नाही. तिसऱ्या बुधवारी ती आली नाही.

महिन्याभराने शीतल वेसाव्याला गेली तेव्हा दारात प्रज्योत भेटला. अंजनाबाई बाजारात होती. प्रज्योतने शीतलला आत बोलावलं नाही. सुनावणीच्या खोलीत चहा देणारा माणूस त्यांच्याच वाड्यातल्या कुणाचा तरी जावई होता. महिन्याभरात सगळीकडे पसरलं होतं की अंजनाबाईने आपला जीव वाचवायला साहेबाचा मास्क ओढला आणि त्याला कायमचा लुळा केला. मासळी बाजारात भांडण झालं की आता बायका तिला तेच ऐकवत होत्या.

"आई सांगते, मी कशाला कुणाला खरं सांगू, त्यांचं पेन्शन जाईल," प्रज्योत म्हणाला. "तुम्ही परत येऊ नका, वहिनी. तिला बरं वाटतं तुम्ही आलात की. मला नाही वाटत."

शीतलने घरी येऊन जयवंतला एवढंच सांगितलं की ती भेटली नाही. पण जयवंतने दोन दिवसांनी विचारलंच, आणि मग तिने सगळं सांगितलं. तो गॅलरीत गेला आणि अंधार पडेपर्यंत खाली गाड्या धुणाऱ्या पोरांकडे बघत राहिला. वेसाव्याला जाऊन चारचौघांत खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं. तसं तो बोललाही. शीतल म्हणाली, जा. ती खरंच जा म्हणत होती. तो गेला नाही. जिना उतरून रिक्षापर्यंत जाणं त्याला झेपलं असतं. त्यापुढचं झेपेल की नाही याचा विचार करत राहिला आणि दिवस गेले.

प्रियंका त्या वर्षी भरती झाली. बापासारखीच धावली असं सगळे म्हणाले. ट्रेनिंग सहा महिन्यांचं. रविवारी ती घरी यायची, केस कापलेले, हाताला फोड आलेले. जयवंत तिचे बूट बघायचा, गाठी कशा मारतात ते विचारायचा, आणि त्या दिवशी मशीन थोडं कमी लावायचा.

चौथ्या महिन्यातल्या एका रविवारी ती जेवायला बसली आणि जेवेना. शीतलने विचारलं तर म्हणाली काही नाही. मग जयवंतकडे बघून म्हणाली, "पप्पा, शुक्रवारी तुमची केस शिकवली."

"माझी?"

"नाव नाही घेतलं. अंधेरीच्या गाळ्याची आग म्हणाले, मला कळलं. भेदरलेली पीडित व्यक्ती, असा धडा आहे. बाईने मास्क हिसकावला, जवान जन्माचा अपंग झाला. म्हणून माणूस दिसला की आधी त्याचे हात धरायचे, त्याला आपल्या तोंडापर्यंत पोचू द्यायचं नाही. आमच्याकडून करून घेतलं. एकाने ती बाई व्हायचं, दुसऱ्याने तिचे हात पिरगाळायचे."

शीतल वाढता वाढता थांबली.

"तू काय बोललीस?" जयवंतने विचारलं.

"काही नाही. काय बोलणार? बोलले असते तर..." प्रियंकाने हाताने घराभोवती एक रेघ काढली. भिंती, मशीन, गॅलरी.

"बरं केलंस."

"मी दोनदा बाई झाले, पप्पा. दोनदा माझे हात पिरगाळले."

जयवंतने तिच्या मनगटांकडे पाहिलं. एकावर निळसर डाग होता.

"मला एक सांगा," प्रियंका म्हणाली. "उद्या मी आत गेले आणि कुणी तसं सापडलं, तर काय करू? शिकवलंय ते, की तुम्ही केलंत ते?"

शीतलने पातेलं खाली ठेवलं. ती जयवंतकडे बघत होती. प्रियंकाही बघत होती. त्याच्या डोळ्यांसमोर तो जिना आला, हेल्मेट काढल्यावर डोक्याला लागलेली आच आली, आणि म्हातारीने घेतलेला तो पहिला श्वास आला. त्या श्वासाचा आवाज त्याने कुणालाही सांगितला नव्हता. असा आवाज त्याने पुन्हा ऐकला नव्हता.

"शिकवलंय ते कर," तो म्हणाला.

प्रियंकाने मान डोलावली. मग तिने पुढ्यातलं ताट ओढलं आणि सगळं जेवली. सहाला तिला हजर व्हायचं होतं. शीतलने तिला डबा बांधून दिला. जयवंत गॅलरीत जाऊन उभा राहिला, पण आवार ओलांडताना तिने वर पाहिलं नाही.